न्हाणीघराची शिळा आणि कामगाराचा श्वास

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घराची जुनी मोरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना शहाबादी फरशी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वीतभर उंचीचा कठडा, आत करड्या दगडाच्या दोन-चार फरशा, त्यांच्यावर घंगाळ आणि तांब्या, शेजारी धुमसणारा बंब, एवढेच ते न्हाणीघर असे. त्या फरशीला पॉलिश नसे. उलट तिच्या खरखरीतपणावर घरातल्या तीन-तीन पिढ्यांनी टाचा घासल्या. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादेच्या परिसरातील हा चुनखडीचा दगड निसर्गतःच थराथरांनी सुटतो, पहार आणि छिन्नी एवढ्या अवजारांवर त्याची फरशी निघते, म्हणून तो गरिबाच्या घरात येऊ शकला. याच वाटेने आंध्रातील कडप्पा स्वयंपाकाच्या ओट्यावर आला आणि राजस्थानातील कोटा चाळीच्या जिन्यावर आणि शाळेच्या व्हरांड्यात पोहोचला. नैसर्गिक दगड आणि न्हाणीघर यांचे नाते आपल्याकडे नवे नाही, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

नवे आहे ते या नात्याचे आजचे रूप. मुंबई-पुण्यातील उंच मनोऱ्यांच्या जाहिराती चाळल्या, तर दिवाणखान्याच्या खालोखाल न्हाणीघराचे वर्णन रंगवलेले आढळते. तेथे फरशी हा शब्द हद्दपार झाला आहे. भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत एकच अखंड शिळा लावावयाची, व्यापाराच्या भाषेत तिला स्लॅब म्हणतात. एकाच ठोकळ्यातून लागोपाठ निघालेल्या दोन शिळा पुस्तकाची पाने उघडावीत तशा शेजारी शेजारी बसवावयाच्या, म्हणजे दगडातील शिरांची नक्षी दोन्ही बाजूंना आरशासारखी उमटते. इटलीचा पांढरा संगमरवर, ब्राझीलचा क्वार्टझाइट, दक्षिणेकडील काळा ग्रॅनाइट यांतून निवड करावयाची. हातपाय धुण्याचे भांडेही त्याच दगडातून कोरून घ्यावयाचे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत एका संपूर्ण कुटुंबाच्या वाट्याला मुंबईत ३०० चौरस फुटांचे घर येते. त्याच मुंबईत आलिशान सदनिकेच्या मालकाचे न्हाणीघर १५० चौरस फुटांचे असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही.

या विषमतेची चीड येणे स्वाभाविक आहे. राममनोहर लोहियांनी १९६३ साली लोकसभेत देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे ठणकावून सांगितले, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा रोख केवळ दारिद्र्यावर नव्हता. मूठभरांच्या उपभोगासाठी देशाची साधनसामग्री कशी वळवली जाते, यावरही होता. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, ती या दगडी न्हाणीघराला तंतोतंत लागू पडते. वस्तूची किंमत जितकी अधिक, तितकी ती अधिक हवीशी वाटावी, हे या बाजाराचे गमक आहे. परंतु चीड आणि उपहास यांवरच थांबलो, तर प्रश्नाच्या मुळाशी जाता येणार नाही. श्रीमंताच्या न्हाणीघरावर विनोद करणे सोपे आहे. त्या न्हाणीघराच्या खर्चाचा कोणता भाग श्रीमंत देतो आणि कोणता भाग त्याच्या वतीने दुसराच कोणी भरतो, हे तपासणे अधिक अगत्याचे आहे.

त्यासाठी शिळेच्या प्रवासाकडे पाहिले पाहिजे. खाणीतून दगडाचा ठोकळा निघतो. तो कारखान्यात जातो. तेथे गँगसॉ नावाच्या यंत्रात अनेक पाती एकाच वेळी चालतात आणि ठोकळ्याच्या शिळा पडतात. मग पॉलिश होते, गोदामात शिळा उभ्या राहतात, ट्रकने शहरात येतात. साधारण तीन मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १८ मिलिमीटर जाड अशा संगमरवरी शिळेचे वजन सुमारे २६० किलो भरते. ती वरच्या मजल्यावर माणसेच चढवतात. त्यानंतर कारागीर ती मापाने कापतात, नळासाठी भोके पाडतात, भांड्यासाठी खाच काढतात, कडा गोल करतात आणि बसवतात. हे कारागीर बहुतांशी राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले असतात आणि काम चालू असेतो त्याच अर्धवट इमारतीत राहतात.

या संपूर्ण प्रवासात एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. गँगसॉ चालतो तेव्हा पात्यांवर पाण्याची अखंड धार सोडलेली असते. संगमरवर कापणाऱ्या पात्यांना हिऱ्याच्या कणांचे दात असतात, ते महाग असतात, पाण्यावाचून ते तापून निकामी होतात. म्हणून मालक पाण्याची सोय करतो, त्यासाठी टाक्या बांधतो, वापरलेले पाणी निवळवून पुन्हा फिरवतो. त्या पाण्याने दगडाची धूळही जागच्या जागी बसते. परंतु पुढे तीच शिळा हातकटरखाली येते, तेव्हा पाणी नाहीसे होते. कडा घडवणारा, खाच काढणारा, भोक पाडणारा कारागीर कोरड्या दगडावर कोरडे चक्र चालवतो आणि पांढऱ्या धुळीच्या लोटात दिसेनासा होतो. वालुकाश्माच्या अनेक खाणींत ड्रिल कोरडेच चालते. नक्षीकामाच्या शेडमध्येही तेच. यंत्राचे पाते वाचवण्यासाठी पाणी आहे, माणसाचे फुप्फुस वाचवण्यासाठी नाही. याचे कारण अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातले आहे. पाते खराब झाले तर मालकाला नवे विकत घ्यावे लागते. कामगार खराब झाला तर नवा फुकट मिळतो.

ही धूळ म्हणजे नेमके काय, याविषयीही स्पष्टता हवी, कारण कार्यकर्त्याने बोलताना चूक केली तर व्यापारी तिच्यावरच बोट ठेवतो. सर्व दगड सारखे नाहीत. शुद्ध संगमरवर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो, त्यात स्फटिकरूप सिलिकाचे प्रमाण थोडे असते. ग्रॅनाइटमध्ये ते बरेच असते. वालुकाश्म आणि क्वार्टझाइट तर बव्हंशी सिलिकाचेच बनलेले असतात. हा स्फटिकरूप सिलिका अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने श्वासावाटे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो, तेथे व्रण करतो आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखे ताठर होत जाते. हाच सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. काम सोडल्यानंतरही तो वाढू शकतो. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाची बाधा होण्याचा धोका पुष्कळ पटींनी वाढतो आणि अनेकदा ग्रामीण दवाखान्यात त्याला केवळ क्षयच समजून औषधे दिली जातात. स्फटिकरूप सिलिका कर्करोगालाही कारण होतो, असा निर्वाळा कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ सालीच दिला आहे. तोंडाला गमछा बांधून हे कण अडत नाहीत. ते डोळ्यांना दिसतही नाहीत. जी धूळ दिसते ती तुलनेने कमी घातक असते.

मकराण्याचा संगमरवर ताजमहालाला लागला, हे वाक्य प्रत्येक दुकानदाराच्या तोंडी असते. ते खरे आहे. तेथील अरुंद आणि खोल खाणींत दरड कोसळून माणसे मरतात, हेही तितकेच खरे असून ते दुकानात ऐकू येत नाही. अजमेर जिल्ह्यातील किशनगढ ही देशातील संगमरवराची फार मोठी बाजारपेठ. तेथे कारखान्यांतून निघालेला पांढरा गाळ वर्षानुवर्षे टाकून त्याचे डोंगर झाले आहेत. आता तेथे पर्यटक येतात आणि बर्फाच्या प्रदेशात उभे असल्यासारखी लग्नाआधीची छायाचित्रे काढून घेतात. एका उद्योगाचा कचरा दुसऱ्या उद्योगाचा देखावा झाला! सिलिकोसिसचा खरा कहर मात्र संगमरवराच्या पट्ट्याबाहेर, जोधपूर, करौली, धौलपूर अशा वालुकाश्माच्या भागांत आणि सिरोही जिल्ह्यातील पिंडवाड्यासारख्या दगडी नक्षीकामाच्या गावांत आहे. तेथे ऐन उमेदीतील पुरुष दम लागून अंथरुणाला खिळतात, मग बायका आणि मुले त्याच खाणीत वा त्याच शेडमध्ये कामाला जातात. ठेकेदाराकडून घेतलेली उचल माणसाच्या मरणाने फिटत नाही, ती वारसाकडे जाते.

कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला. उद्योजक आपल्या खर्चाचा काही भाग हिशेबाच्या वहीत न लिहिता इतरांच्या अंगावर ढकलतो, आणि हे अपवादाने घडत नसून या व्यवस्थेचा तो नित्याचा भाग आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. दगडाच्या धंद्याहून याचे ढळढळीत उदाहरण सापडणे कठीण आहे. दुकानातील शिळेच्या किमतीत खाणीचे स्वामित्वशुल्क आहे, विजेचे बिल आहे, वाहतूक आहे, जहाजभाडे आहे, सल्लागार वास्तुविशारदाचे शुल्क आहे आणि प्रत्येक टप्प्यावरचा नफा आहे. कामगाराची मजुरी आहे, पण त्याच्या आयुष्यातून वजा झालेली वीस-पंचवीस वर्षे त्यात नाहीत. त्यांचा हिशेब त्याचे कुटुंब देते, सरकारी इस्पितळ देते आणि शेवटी सार्वजनिक तिजोरी देते.

तिजोरीचा हा मुद्दा जरा थांबून पाहावा असा आहे. राजस्थान सरकारने ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिसविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. प्रमाणित रुग्णाला ३ लाख रुपये, त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये आणि दरमहा निवृत्तिवेतन, अशी तरतूद त्यात झाली. खाणकामगारांच्या संघटनांनी आणि स्वयंसेवी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे दिलेल्या लढ्याचे ते फळ होते आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या कामगाराकडे नेमणुकीचा कागद नाही, हजेरीचा पुरावा नाही, ज्याने दहा ठेकेदारांकडे काम केले, त्याला नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्यांतून काहीही मिळत नसे. त्याला प्रथमच हक्काने काही मिळू लागले. तथापि यातील अर्थव्यवहार ध्यानात घ्यावयास हवा. मरणाची भरपाई शासनाने सार्वजनिक निधीतून द्यावयाची आणि नफा मात्र खाणमालक, निर्यातदार आणि विक्रेता यांनी ठेवावयाचा, असा याचा अर्थ होतो. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर आलिशान न्हाणीघराला गरीब करदात्याने दिलेले ते अर्थसाहाय्य आहे.

करांच्या बाबतीत याहून वेगळे चित्र नाही. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा संगमरवर आणि ग्रॅनाइटच्या शिळांवर २८ टक्के दर होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो १८ टक्क्यांवर आणला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये या दगडांच्या ठोकळ्यांवरील दर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. उद्योगाच्या संघटना होत्या, त्यांची शिष्टमंडळे होती, त्यांची निवेदने पोहोचली. करात सूट देताना निदान कोरडी कापणी बंद करा एवढी एक अट घालणे अशक्य होते काय? तशी अट कोणी सुचवलीच नाही, कारण ज्यांनी ती सुचवावयाची ते त्या खोलीत नव्हते.

उपाय ठाऊक नाही, अशी सबब येथे चालण्यासारखी नाही. फरीदाबादच्या दगडखाणींतील वेठबिगारांविषयी बंधुआ मुक्ती मोर्चाने लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि १६ डिसेंबर १९८३ रोजी निकाल दिला. स्वामी अग्निवेश यांच्या पुढाकाराने झालेला तो लढा आणि न्यायमूर्ती भगवती यांचे ते निकालपत्र जनहितयाचिकांच्या इतिहासात गाजले. त्यातील वेठबिगारीविषयीचा भाग सर्वांना आठवतो. धुळीविषयीचा भाग विसरला गेला. दगड फोडणाऱ्या यंत्रावर पाण्याचे पिंप ठेवून सतत फवारा सोडावा, नाहीतर धूळ शोषून घेणारे यंत्र बसवावे, दोहोंपैकी एक उपाय तत्काळ करावा, असा तो आदेश होता. पिंपभर पाणी! देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला चाळीस वर्षांपूर्वी ते सांगावे लागले. पुढे सिलिकोसिसवर २००६ साली दाखल झालेल्या एका याचिकेचा निकाल ऑगस्ट २०२४ मध्ये लागला. धुळीच्या उद्योगांवर देखरेखीची जबाबदारी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे आणि भरपाईच्या देखरेखीची राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवण्यात आली. अठरा वर्षांत कामगारांची एक पिढी कामाला लागून संपूनही गेली असेल.

दरम्यान कायद्याची चौकटच बदलली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. कारखान्यांच्या जुन्या कायद्यात वीज वापरणाऱ्या आणि दहा कामगार असलेल्या जागेला कारखाना म्हणत. नव्या संहितेत ही संख्या वीसवर गेली. दगड घडवणाऱ्या शेड बहुधा लहान असतात, पटावर तर त्या त्याहूनही लहान दाखवल्या जातात. एका आवारात चार नावांनी चार शेड चालवणे ही या धंद्यातील जुनी युक्ती आहे. म्हणजे ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज, तेच कारखान्यांच्या तरतुदींतून निसटणार. मात्र याच संहितेत एक वाट शिल्लक आहे. जिवाला धोका असलेल्या कामाच्या बाबतीत केंद्र सरकार अधिसूचना काढून कामगारसंख्येची अट काढून टाकू शकते. दगडाची कोरडी कापणी आणि कोरडे ड्रिलिंग हे असे काम म्हणून अधिसूचित करा, ही मागणी म्हणूनच तातडीची आहे. तिच्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, एक सही पुरते.

या मागणीला तीन आक्षेप घेतले जातात. पहिला पाण्याचा. राजस्थानात प्यायला पाणी नाही, तेथे दगडावर कोठून ओतावयाचे, असे विचारले जाते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी त्याच कारखान्यातील गँगसॉकडे पाहावे. तेथे पाणी आहे, निवळवून पुन्हा वापरले जाते आणि दुष्काळातही यंत्र थांबत नाही. हातकटरला लागणारी धार तर बारीक असते. शिवाय ज्या न्हाणीघरासाठी ही शिळा घडते, तेथे छतातून पावसासारखा बरसणारा फवारा बसवलेला असतो. एका माणसाच्या एका स्नानाला तेथे जेवढे पाणी लागते, तेवढ्यात त्या न्हाणीघराची बरीच कापणी ओली करता आली असती.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. अटी घातल्या तर धंदा बसेल आणि कामगारच उपाशी मरेल, हा युक्तिवाद बालमजुरीच्या बाजूने झाला, दहा तासांच्या कामाच्या बाजूनेही झाला होता. ज्या मालाचा ग्राहक शिळेतील एका शिरेच्या वळणासाठी हजारो रुपये अधिक मोजतो, तो माल पाण्याच्या नळीच्या आणि धूळ शोषणाऱ्या पंख्याच्या खर्चाने महाग होऊन विकेनासा होईल, हे कोणाही अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पटणार नाही. उलट चैनीच्या वस्तूची मागणी किमतीला फारशी बधत नाही, म्हणूनच सुधारणेचा आरंभ या टोकापासून करणे सोयीचे आहे. शहाबादीवर चार पैसे वाढले तर गरीब घरमालकाला ते जाणवतील, आयात शिळेवर वाढले तर तेथे कोणाच्या लक्षातही येणार नाहीत.

तिसरा आक्षेप असा की, नैसर्गिक दगडाऐवजी कृत्रिम दगड वापरला तर हा प्रश्नच उरत नाही. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. क्वार्ट्झची पूड राळेत बांधून जो कृत्रिम दगड तयार होतो, त्यात सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. स्वयंपाकघराचे ओटे आणि न्हाणीघराचे कट्टे यांसाठी तो जगभर खपला आणि कापणारे तरुण कामगार थोड्याच वर्षांत सिलिकोसिसने आजारी पडू लागले. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडाच्या वापरावर, पुरवठ्यावर आणि उत्पादनावर बंदी घातली. जगातील ही पहिली देशव्यापी बंदी. तिच्यामागचा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे. डॉक्टरांनी रुग्ण शोधले, कामगारसंघटनांनी मोहीम काढली, बांधकाम कामगारांच्या संघटनेने सरकारने बंदी घातली नाही तर आम्हीच हा दगड हाताळणार नाही असे जाहीर केले, आणि मग सरकार हलले. ज्या देशात संघटित कामगार आहे, तेथे दगडाच्या कापणीचा प्रश्न राष्ट्रीय प्रश्न झाला. ज्या देशात दगड कापणाऱ्याला स्वतःच्या मालकाचे नावही ठाऊक नसते, तेथे तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा प्रश्न राहिला.

यावरून पुढच्या कामाची दिशा दिसते. खाणी राजस्थानात, कर्नाटकात, आंध्रात आहेत आणि महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने तेथे जाऊन संघटना बांधावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण या शिळांचा फार मोठा ग्राहक मुंबईत आणि पुण्यात आहे आणि शेवटची, बहुतेक वेळा कोरडी, कापणी याच शहरांतील इमारतींत होते. ती चालू असते तेव्हा खालच्या रस्त्यावरूनही ऐकू येते. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होण्यासाठी वर्षातील ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. फरशी बसवणारा कारागीर या नोंदणीला पात्र असतो, परंतु परप्रांतीय म्हणून, भाषा येत नाही म्हणून, ठेकेदार दाखला देत नाही म्हणून तो बाहेर राहतो. बांधकामाच्या खर्चावर घेतला जाणारा १ टक्का उपकर मात्र त्याच्या श्रमावरच जमा होत असतो. या कारागिरांची नोंदणी करून घेणे, त्यांच्या छातीची तपासणी करवणे, क्षयाच्या प्रत्येक दगडकामगार रुग्णाची सिलिकोसिससाठी चाचणी व्हावी असा आग्रह धरणे, ही कामे वॉर्डातील कार्यकर्त्याच्या आवाक्यातील आहेत.

मागण्याही मोजक्या आणि ठाम असाव्यात. पहिली, कोरड्या कापणीला धोकादायक काम म्हणून अधिसूचित करावे. दुसरी, पॉलिश केलेल्या चैनीच्या शिळांवर, देशी असोत वा आयात, स्वतंत्र उपकर बसवून तो केवळ दगडकामगारांच्या आरोग्यासाठी आणि भरपाईसाठी राखून ठेवावा, म्हणजे भरपाईचा भार तिजोरीवरून उठून मालाच्या किमतीवर जाईल. तिसरी, महानगरपालिकांनी बांधकाम परवान्याच्या अटींत ओल्या कापणीची अट घालावी आणि ती मोडल्यास काम थांबवावे. खोदकामाची माती रस्त्यावर सांडली तर दंड करणाऱ्या महानगरपालिकेला हे अवघड नाही. चौथी, सरकारी आणि निमसरकारी इमारतींसाठी दगड खरेदी करताना पुरवठादाराकडून कामगारांची यादी आणि त्यांच्या आरोग्य तपासणीचा दाखला मागावा. मंत्रालयापासून न्यायालयांपर्यंत सार्वजनिक इमारतींतही हा दगड भरपूर लागतो, तेव्हा शासनाने आदर्श स्वतःपासून घालून द्यावा.

दगडाविषयी वैर असण्याचे कारण नाही. तो टिकतो, उन्हाळ्यात गार राहतो, भाजलेल्या टाइलपेक्षा त्याला इंधन कमी लागते. खाणीतील कामगाराच्या, पाथरवटाच्या आणि गवंड्याच्या हातात जी विद्या आहे, ती या देशाची मोठी ठेव आहे. दगड वापरलाच जाऊ नये, असे म्हणणे म्हणजे त्या विद्येचाही अपमान ठरेल. म्हणणे इतकेच आहे की, त्या हातांना जगू द्यावे. मोरीतली शहाबादी ज्याने काढली तोही गरीबच होता आणि त्याचेही शोषण झाले, परंतु त्याच्या छिन्नीने उडणारी धूळ आणि आजच्या वेगवान चक्राने उडणारी धूळ यांत फार मोठे अंतर आहे. यंत्राने कामाचा वेग वाढवला, मालाची किंमत वाढवली, नफा वाढवला. त्यासोबत मृत्यूचाही वेग वाढला. वेगाचे पहिले तीन फायदे ज्यांनी घेतले, त्यांनी चौथ्याची जबाबदारी घेतलीच पाहिजे, आणि ती ते आपण होऊन घेणार नाहीत.

१९९५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०३० पर्यंत जगातून सिलिकोसिस नाहीसा करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. ती मुदत आता जवळ येऊन ठेपली आहे. शहरातील एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून कटरचा कर्कश आवाज येतो आणि खिडकीतून पांढरा लोट बाहेर पडतो, तेव्हा तेथे एका न्हाणीघराची शोभा आणि एका माणसाचे आयुष्य यांचा व्यवहार चाललेला असतो. जाणाऱ्या-येणाऱ्याने नाकाला रुमाल लावून पुढे जावे, की जिना चढून वर जावे आणि पाणी कोठे आहे असे विचारावे, एवढाच प्रश्न आहे. समाजवादी कार्यकर्त्याला त्याचे उत्तर वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.